भाकरी थापण्याआधी पीठ तोला

ती. आई-बाबांस,

सा. न.

मधुमेहासाठी बाबांच्या जेवणातली कर्बोदकं मोजायची, तर एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकाचा काटा लागेलच. भाकऱ्या-पोळ्या नुसत्या मोजून फसगत होते. कोरडा जिन्नस तोलायचा.

१०० ग्रॅम कोरड्या जिन्नसातली कर्बोदकं अशी: कणीक ६४ ग्रॅम, ज्वारीचं पीठ ६८, बाजरीचं ६२, तांदूळ ७८, पोहे ७७, तूरडाळ ५५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यातले हे आकडे आहेत. त्यांतून तंतू आधीच वगळलेत, पुन्हा वजा करू नका.

आई, २०० ग्रॅम कणकेच्या ८ पोळ्या केल्यास तर एकीत १६ ग्रॅम. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत मात्र ४१, म्हणजे अडीच पोळ्या! "ज्वारी चालते" म्हणून बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, की पाच पोळ्यांएवढी कर्बोदकं पोटात जातात. भाकरी सोडायची अजिबात गरज नाही. ४० ग्रॅम पिठाची पातळ थाप, २७ ग्रॅमच होतील. तोलायचं ते कोरडं पीठ. मळलेल्या उंड्यात पाण्याचं वजन येतं.

भाताचं गणित थोडं वेगळं. भांडं रिकामं असताना तोलून त्याचं वजन लिहून ठेव. १५० ग्रॅम तांदळात ११७ ग्रॅम कर्बोदकं. शिजल्यावर भांड्याचं वजन वजा करून भात ४२० ग्रॅम भरला, तर ११७ भागिले ४२०, म्हणजे ०.२८. ताटातला भात १०० ग्रॅम असेल तर २८ ग्रॅम. भात मोकळा किंवा आसट झाला की हा आकडा बदलतो, म्हणून पाणी रोज मापूनच घाल.

पालेभाजी मोजू नका, बटाटा मोजा: १०० ग्रॅमला १५. चहाच्या १०० मिली दुधात ५, साखर जितके ग्रॅम तितकीच. एकादशीचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४३. भिजवण्याआधी तोला.

बाबा, एक गोष्ट कळकळीने सांगते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी तेवढीच ठेवून जेवण एकदम निम्मं करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आठवडाभराची नोंद डॉक्टरांना दाखवा, मगच बदल करा. थरथर, घाम जाणवला तर लगेच रक्तातली साखर तपासा. ७० मिग्रॅ/डेलिच्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तेवढी साखर आजच तोलून पुडी बांधून उशाशी ठेवा.

तुमची,
धाकटी