मेंढ्या वाटताय खरं, पण चारायच्या कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

यंदाचं २०२६ साल संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. आमच्या वाडीवर ही गोष्ट सांगितली तर एकजण म्हणाला, मग यंदा तरी गायरान मोकळं होणार का, आणि सगळे हसले. मी माण तालुक्यातला. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं आहेत, थोरला भाऊ अजून दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन खाली जातो, मी मात्र गावात शेतीऔषधांच्या दुकानात कामाला असतो, त्यामुळं मेंढपाळाचं पण ऐकतो आणि ज्याच्या पिकात मेंढरं शिरली त्या शेतकऱ्याचं पण ऐकतो, दोघंही माझ्याकडंच येऊन शिव्या देतात. म्हणून म्हटलं एकदा लिहावं, जरा लांबलं तर कापा पण मुद्दा ठेवा.

मुद्दा एकच आहे. सरकारकडं मेंढ्या वाटायच्या योजना आहेत, विम्याच्या आहेत, फक्त मेंढरू चरणार कुठं याची योजना नाही. महामेष योजना बघा, २०१७ पासून चालू आहे, २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. वाईट आहे असं मी म्हणत नाही, गरजू पोरांना आधार होतो. पण यादीत नाव लागलं की माणूस पहिला विचार करतो तो हाच, की ही एकवीस तोंडं घालू कुठं? ज्याच्याकडं आधीच शंभर-दीडशे आहेत तो तर गेल्या काही वर्षांत कमीच करत आलाय. २०१९च्या पशुगणनेत राज्यात मेंढ्या २७ लाखांच्या आसपास आणि शेळ्या कोटीच्या वर होत्या, म्हणजे आकडा मोठा दिसतो, पण त्यातल्या किती खुंट्याला बांधलेल्या आणि किती चालणाऱ्या हे कधी कुणी मोजलंच नव्हतं. २०२४ला सुरू झालेल्या २१व्या गणनेत पहिल्यांदा फिरत्या पशुपालकांची वेगळी नोंद धरली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी आम्ही कागदावर आलो!

आमच्याकडची जमीन बाहेरच्या माणसाला नुसती उजाड दिसते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास, तो पण वेळेवर पडला तर. वीतभर माती, खाली मुरूम. त्यात पवन्या, मारवेल, कुसळी असलं गवत येतं, पावसाळ्यात हिरवं आणि नंतर उभ्याउभ्या वाळतं, आणि त्याच्यावर मेंढरू जगतं. दुसरं कुठलंच पीक जिथं भरवशाचं नाही तिथं हा धंदा टिकला तो काय उगाच नाही. पण सरकारी नकाशात याची नोंद पडीक म्हणून, आणि पडीक म्हटलं की जो तो वापरायला येतो.

सगळ्यात आधी पाणी आलं. आता पाणी आलं म्हणून तक्रार करणारा मी पहिलाच असेन, लोक मला वेड्यात काढतील. उरमोडीचं आलं, जिहे-कठापूरचं आलं, तिकडं आटपाडी-सांगोल्याला टेंभूचं, जतेला म्हैसाळचं. चांगलंच झालं, बायकांची पाण्यासाठीची वणवण कमी झाली, पोरं पुण्यामुंबईहून परत येऊन डाळिंब लावायला लागली. पण पाणी आलं तसा जेसीबी आला आणि माळ फुटला. पूर्वी खरीप निघालं की रान मोकळं व्हायचं, मग कुणाच्याही रानात मेंढरं गेली तरी कुणी हटकत नव्हतं, उलट लेंड्या पडतात म्हणून बरंच वाटायचं. आता रान मोकळंच होत नाही. ऊस बारा-चौदा महिने उभा, डाळिंबाला तारेचं कुंपण, मधे ठिबकच्या नळ्या, एक नळी तुडवली की भांडण आणि दोन तुडवल्या की पोलीस स्टेशन. शेतकऱ्याची चूक आहे का? नाही, त्याचे लाखभर रुपये त्या नळ्यांत अडकलेत. मेंढपाळाची चूक आहे का? त्याला त्या दोन कुंपणांमधून जायला आठ फुटांची पाणंद होती, ती दोन्हीकडून नांगरून आता दोन फुटांवर आलीय, दीडशे मेंढरं दोन फुटांतून एका ओळीत काढून दाखवा कुणीतरी.

बांधावरच्या गवताचं तर वेगळंच. बांधावर तणनाशक मारायचं फॅड इतकं वाढलंय की हंगामात आमच्या दुकानात दुसरं काही विचारायच्या आधी लोक तेच मागतात. फवारल्यावर एक-दोन दिवस गवत हिरवंच दिसतं, पाटी कुणी लावत नाही, आणि परगावच्या मेंढपाळाला कळणार कसं? मी गिऱ्हाईकाला सांगत असतो की बाबा एखादी चिंधी बांध काठीला, ती पण बांधत नाहीत.

मग वनखातं. माळ दिसला की चर खणायचे आणि झाडं लावायची, त्यात पण गिरीपुष्प, ज्याला मेंढरं सहजासहजी तोंड लावत नाहीत. झाडं लावू नका असं कोण म्हणेल, पण गवताच्या रानात गवत ठेवायला काय हरकत आहे? चराईबंदीचं पण तसंच. आदर्श गाव म्हटलं की कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आलीच, हिवरे बाजारसारख्या गावानं ती करून दाखवली, गवत कापून न्यायची मुभा ठेवली, दूध वाढलं, सगळं खरं आणि त्या गावाला मानलं पाहिजे. पण ते गणित गोठ्यातल्या गाईचं आहे. दोन जर्सी असलेला माणूस विळ्यानं कापून भारा आणू शकतो, दीडशे मेंढरांना भारे कापून कोण घालणार? मेंढरू हिंडून खाणारं जनावर आहे, त्याला बांधून घालणं परवडत नाही. म्हणून चराईबंदीचा ठराव झाला की गावातला दूधवाला सुखी होतो आणि धनगर गाव सोडतो, आणि ठरावाच्या वेळी धनगर बहुतेक करून गावात नसतोच, तो तिकडं कराड-कोल्हापूरकडं नाहीतर कोकणात असतो.

२००६च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. आमचे लोक अनुसूचित जमातीत धरलेले नाहीत म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. जो माणूस वर्षातले सात-आठ महिने घोड्यावर बिऱ्हाड टाकून फिरतो त्यानं कुठल्या गावचा पुरावा आणायचा? हिमाचलात गद्दी लोकांना चराईचे परवाने असतात, कुठल्या रानात जायचं ते ठरलेलं असतं. तिथं पण अडचणी असतीलच, पण निदान हातात कागद असतो.

आता नवीन म्हणजे सोलर. शेतीला दिवसा लाईट पाहिजे, रात्री बिबट्या-सापाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. पण त्याच्यासाठी बऱ्याच ठिकाणी गायरानच निवडलं जातं, कारण खाजगी जमीन घ्यायची तर हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं द्यावं लागतं आणि गायरान सरकारचंच. पाच-दहा एकर गायरान गेलं तर पेपरवाल्यांना ती बातमी वाटत नाही (राग मानू नका), पण आसपासच्या चार वाड्यांचं पावसाळ्याचं चरणं तेवढंच असतं. परदेशात पॅनेलच्या खाली मेंढ्या चारतात, गवत पण कापायला नको. आपल्याकडं स्ट्रक्चर जरा उंच घ्या, वायरी नळीत घाला आणि कुंपणाला एक फाटक ठेवा, एवढं टेंडरमध्ये टाकायला काय जातंय? शेळ्या मात्र सोडू नका, त्या पॅनेलवर चढून बसतील.

भावाकडं गेलो होतो मागं खाली उसाच्या पट्ट्यात. शेतकऱ्यानं स्वतः फोन करून बोलावलेलं, खोडवा मोडलेला आणि रानात मेंढरं बसवायची होती. लोकांना वाटतं मेंढपाळ आयता शेतात घुसतो, तर तसं नाही, लेंडीखतासाठी पैसे नाहीतर धान्य देऊन बसवून घेतात आणि दोन-दोन शेतकऱ्यांत आधी कोणाकडं यावरून वाद होतो. संध्याकाळी वहिनीनं घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं, खुंट्या ठोकल्या, वाघर लावली, म्हणजे जाळीचं कुंपण, मग डालग्याखालची कोकरं एकेक काढून ज्याच्या त्याच्या आईला पाजायला सोडली, आणि अंधारात सुद्धा कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं यात एकदाही गल्लत नाही. मग तीन दगडांची चूल. सकाळी सगळं उलटं, आणि पुढच्या रानात परत तेच. या बाईचं नाव कुठल्याच योजनेच्या फॉर्मवर नसतं. रात्री दोघं भाऊ आळीपाळीनं जागे राहिलो, लांडग्याच्या भीतीनं नाही, चारचाकी घेऊन येणाऱ्या चोरांच्या भीतीनं. लांडगा एखादं कोकरू नेतो, चोर गाडी भरून नेतात. लांडग्याला पण आमच्याइतकाच माळ लागतो म्हणा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ला नान्नजचं अभयारण्य केलं, आता तिथं माळढोक दिसला तर नशीब.

डॉक्टरी इलाजाचं सांगतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस पाहिजे, पीपीआरची, म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, पाहिजे, आपल्या देशाला २०३०पर्यंत पीपीआर हद्दपार करायचा आहे असं सरकारच म्हणतं. लस फुकट असते, दवाखान्यातले लोक पण बरेचसे भले असतात. पण पीपीआरची बाटली एकदा पाणी घालून तयार केली की काही तासांत संपवावी लागते आणि तोपर्यंत बर्फात ठेवावी लागते. एका बाटलीत शंभर-शंभर डोस, म्हणून डॉक्टर म्हणतात तीन-चार कळप एकत्र आणा. कळप एकत्र कधी असतात? मृगाला परत आल्यावर, आणि तोपर्यंत लशीची खरी वेळ निघून गेलेली असते. वाटेत मागितली तर म्हणतात तुमच्या तालुक्यात घ्या. १ जून २०२४पासून कानात बारा अंकी बिल्ला असल्याशिवाय उपचार नाहीत, खरेदीविक्री नाही. बिल्ला मारून घ्यायला आमची ना नाही, उलट त्या नंबरावर राज्यात कुठंही लस मिळाली तर त्या बिल्ल्याचा उपयोग. १९६२ या नंबरला फोन केला की फिरता दवाखाना येतो म्हणतात, पण रानात गाव कुठलं सांगायचं, इथून गाडी अडते.

दुष्काळात छावण्या उघडतात. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २०१२-१३ला आणि परत २०१९ला छावणी चालवली, हजारो जनावरं वाचली, आमच्या पावण्यांची खिल्लार बैलं पण तिथंच होती. पण छावणी म्हटलं की गाय-बैल-म्हैस, शेळ्यामेंढ्यांचा विषय सरकारदरबारी नेहमी शेवटी निघतो. आणि छावणीत घालतात उसाचं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, त्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं, महिनोन्महिने नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवलं तर दुष्काळ संपल्यावर पण त्याचे हाल संपत नाहीत.

आणि बातम्या कसल्या येतात तर काही वर्षांपूर्वी आटपाडीच्या माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखाला मागणी आली. आली असेल, पोपटनाकाचं देखणं जनावर आहे, शौकिनांना मोल नसतं. पण त्यामुळं लोकांना वाटतं धनगर लखपती झाले. साध्या दख्खनी मेंढीच्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही, कातरणाऱ्याची मजुरी घरातून द्यावी लागते आणि लोकर बांधावर पडून राहते, घोंगडं विणणारे सनगर पण किती उरलेत? फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी देणारी नारी सुवर्णा मेंढी तयार केली, मोठं काम आहे, पण जुळी कोकरं जगवायची तर मेंढीला चारा जास्त लागतो, म्हणजे गाडी फिरून परत माळावरच येते.

मागणी काय ते सांगतो. आषाढीला पालखीचा मार्ग ठरलेला असतो, मुक्काम ठरलेले असतात, टँकर, आरोग्य पथक, बंदोबस्त सगळं लागतं, कुठल्या तालुक्याची हद्द यावरून वारकऱ्याचा इलाज कुणी अडवत नाही. मेंढरांच्या वाड्यांच्या वाटा पण वर्षानुवर्षं ठरलेल्याच आहेत. दिवाळीनंतर कुठनं उतरायचं, कुठल्या घाटानं, कुठल्या नदीकाठानं, मृगाला कुठनं परतायचं, जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. त्या वाटा एकदा पशुसंवर्धन आणि महसूलवाल्यांनी नकाशावर घ्याव्यात, वाटेवरच्या दवाखान्यांना तारखा कळवाव्यात, पाणंदींची मोजणी करून दगड रोवावेत, आणि गायरान कुणालाही द्यायच्या आधी ग्रामसभा पावसाळ्यात घ्यावी, जेव्हा धनगर गावात असतो. याला काही हजार कोटी लागत नाहीत.

आपला पेपर दरवर्षी पालखीच्या मुक्कामाचं वेळापत्रक छापतो, तसं यंदा या वर्षाच्या निमित्तानं वाड्यांच्या वाटांचं एक पान करा. मृगाला सगळे परत आलेले असतील, बातमीदार पाठवलात तर मी स्वतः दोन-चार वाड्यांवर घेऊन जातो. फक्त दुपारी पाठवू नका, दुपारी तिथं कुत्र्याशिवाय कुणी भेटणार नाही, रात्री आठनंतर या, आणि येताना एक टॉर्च आणा.

आपला नेहमीचा वाचक,
ता. माण, जि. सातारा