फ्रेम रेटचा आकडा कोणत्या अटींवर?

महोदय,

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातील लहान कारखान्यांतही आता जॉबची, म्हणजे तयार होणाऱ्या सुट्या भागाची, तपासणी कॅमेऱ्याने होऊ लागली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र माहितीपत्रकातील फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे मिळतील हा आकडा, पाहून ऑर्डर दिली जाते आणि लाइनवर त्याच्या निम्माही वेग मिळाला नाही की दोष कॅमेऱ्यावर ढकलला जातो. तो आकडा बहुधा खरा असतो. तो कोणत्या अटींवर मिळतो, एवढेच कोणी विचारलेले नसते.

पुष्कळदा घोडे अडते ते केबलपाशी. 2448 बाय 2048 पिक्सेलच्या, 8 बिटच्या (पिक्सेलमागे 1 बाइट) कृष्णधवल चित्राला सुमारे 5 मेगाबाइट लागतात. गिगाबिट इथरनेट या नेटवर्क केबलमधून सेकंदाला कागदोपत्री 125 मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यामुळे सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातील चित्र टिपणारी चिप, कितीही वेगवान असला तरी अशी 23-24 चित्रेच संगणकापर्यंत पोहोचतात. बारीक छटा टिपण्यासाठी 12 बिट निवडून प्रत्येक पिक्सेल 2 बाइटमध्ये पाठवला, तर ही संख्या निम्मी होते, आणि दोन कॅमेरे नेटवर्क स्विचमधून संगणकाच्या एकाच पोर्टवर आणले, तर उरलेली क्षमताही दोघांत वाटली जाते. 5 गिगाबिटच्या यूएसबीवर गिगाबिट इथरनेटच्या तिप्पट चित्रे जाऊ शकतात, पण साधी यूएसबी केबल काही मीटरच चालते, तर इथरनेटची 100 मीटरपर्यंत नेता येते.

दुसरी मर्यादा प्रकाशाची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी सेन्सरवर प्रकाश घेण्याचा वेळ, 20 मिलिसेकंद ठेवले, तर सेकंदाला 50 पेक्षा जास्त चित्रे निघणे शक्यच नाही. शिवाय कन्व्हेयर सेकंदाला 500 मिलिमीटर धावत असेल, तर 10 मिलिसेकंदांतही जॉब 5 मिलिमीटर सरकतो आणि चित्र पुसट येते. म्हणून महागड्या कॅमेऱ्याआधी कॅमेऱ्याच्या तालावर लखलखणाऱ्या जोरदार एलईडी दिव्यावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी मर्यादा सेन्सरच्या वाचनाची. सीमॉस प्रकारचा सेन्सर चित्र ओळीमागून ओळ वाचतो. त्यामुळे चित्राची उंची निम्मी केली की वाचनाचा वेग जवळपास दुप्पट होतो. रुंदी कमी केल्याने मात्र अनेक सेन्सरांत फक्त केबलवरचा भार हलका होतो. लांबट जॉब चित्रात आडवा येईल असा कॅमेरा फिरवून बसवला, तर हा लाभ पैसा न खर्चता मिळतो. संगणकाला प्रत्येक चित्र तपासायला लागणारा वेळही अर्थातच हिशेबात धरावा लागतो.

पुरवठादारांनी कोटेशनमध्ये फ्रेम रेटसोबत पिक्सेलसंख्या, बिट, एक्स्पोजर आणि केबलचा प्रकार लिहून द्यावा आणि उद्योजकांनीही स्वतःच्या जॉबवर, लाइनच्या पूर्ण वेगाने चाचणी घेतल्याखेरीज अखेरचा हप्ता देऊ नये. पुणे परिसरातील उद्योजक संघटनांनी अशा कोटेशनचा एक नमुना तयार करून सभासदांना द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे