फॅन्सी ड्रेसला घरी केलेल्या ड्रेसचा वेगळा नंबर काढा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शाळांच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेबद्दल लिहितोय. विषय बारका वाटेल, पण घरात पोरं असतील तर तुम्हालाही माहीत असणार, त्या आठवड्यात घराची काय अवस्था होते ती. माझं म्हणणं एवढंच, घरी केलेल्या ड्रेसला वेगळा नंबर ठेवा आणि नोटीस जरा लवकर काढा. का म्हणतोय ते खाली सांगतो, पत्र लांबलं तर कात्री लावा.

आता होतंय काय बघा. ग्रुपवर मेसेज पडतो, थीम कार्टून कॅरॅक्टर, आणि स्पर्धा लगेच पुढच्या आठवड्यात. आई-बाप दोघं कामाला, मग कोण काय करणार, सरळ भाड्याच्या ड्रेसचं दुकान. तिथं तोच छोटा भीम, तोच स्पायडरमॅन, तीच निळ्या झग्यातली एल्सा, माप पोरापेक्षा मोठं असतंय, मग मागून सेफ्टी पिना मारायच्या आणि पोराला सांगायचं पाठ वळवू नको. स्टेजवर एकामागोमाग एक भीम येतात आणि प्रत्येक भीम तेच लाडूचं वाक्य म्हणतो. दुकानवाल्यांवर माझा राग नाही हां, गॅदरिंग आणि नाटकांच्या सीझनवर त्यांचं पोट आहे, आणि जिरेटोप, अंगरखा, तलवार असला सगळा सरंजाम घरी होतही नाही. पण कार्टूनचं तसं नाही ना. कार्टून घरी करायला सगळ्यात सोपं, कारण ते मुळातच चौकोन, गोल, त्रिकोण असल्या साध्या आकारांवर बेतलेलं असतं. ॲनिमेशन करणारे लोक कॅरॅक्टर काढलं की ते आतून सगळं काळं करून बघतात, नुसत्या सावलीवरून ओळखू आलं तर पास. ड्रेसला पण हीच परीक्षा लावायची, पोराला भिंतीपुढं उभं करून मोबाईलचा टॉर्च मारायचा. सावली जमली की निम्मं काम झालं, बाकी चमकी-बिमकी नंतर.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, पॅटर्न मेकर, म्हणजे फौंड्रीत जे कास्टिंग ओततात त्याचा आधी लाकडात नमुना करायचा, ते काम. त्यामुळं भाच्याच्या ड्रेसचं गेल्या पावसाळ्यात माझ्याच गळ्यात आलं, ताई म्हणाली तूच बघ बाबा. भाच्यानं निवडला वॉल-ई. पिक्सारचा २००८ चा सिनेमा आहे, पृथ्वीवर कचरा एवढा साठलाय की माणसं यानात बसून निघून गेलीत आणि हा एकटा रोबोट ७०० वर्षं कचरा दाबून त्याचे चौकोनी ठोकळे करतोय आणि रचत बसलाय. पोरगं बावड्याकडं जाताना झूम प्रकल्पावरचा, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरचा, कचऱ्याचा डोंगर बघतंय, त्यामुळं त्याला स्टोरी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

तर वॉल-ई म्हणजे मुळात एक चौकोनी पेटी, खाली पट्टे आणि वर दोन डोळे. पण सगळा जीव त्या डोळ्यांत आहे. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन बेसबॉलची मॅच बघायला गेलेले, कुणाची तरी दुर्बीण हातात आली आणि मॅच राहिली बाजूला, हे ती उलटी धरून मधल्या सांध्यावर वाकवत बसले, अशी वाकवली की रडका चेहरा, तशी वाकवली की हसरा. नाक नाही, तोंड नाही, नुसत्या त्या सांध्यावर अख्खा रोबोट उभा केला. हे एकदा कळलं की ड्रेस कुठं मन लावून करायचा ते कळतंय. आम्ही दोन प्लॅस्टिकचे डबे घेतले आणि मध्ये बोल्ट आणि नायलॉक नट टाकला म्हणजे वाकवलं तसंच राहतंय, सैल पडत नाही, आणि ते सगळं जुन्या टोपीच्या पुढच्या पट्टीवर बसवलं. पोराचा चेहरा खाली मोकळा. मुखवटा घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आत श्वास कोंडतो, घाम येतो, पायरी दिसत नाही आणि पोरगं स्टेजवर धडपडतंय.

पेटीला टीव्हीचा पाच प्लायचा खोका वापरला. माप घेताना आमच्या धंद्यातली एक सवय कामाला आली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं म्हणून आम्ही पॅटर्न मीटरला १० मिलिमीटरच्या हिशोबानं मोठा ठेवतो, तसं पोराच्या मापाला पण अलाउन्स ठेवावा लागतोय, हाताच्या भोकात दोन बोटं मोकळी पाहिजेत, छातीला श्वास घेण्यापुरती जागा पाहिजे, आणि पेटी गुडघ्याच्या वर संपली पाहिजे, नाहीतर स्टेजच्या पायऱ्या चढणार कसं. रुंदी वर्गाच्या दारातून जाईल एवढीच. आतून जुन्या दप्तराचे पट्टे लावले म्हणजे वजन दोन्ही खांद्यावर येतंय. आणि मागची बाजू वेल्क्रोनं उघडणारी केली, कारण शाळेला जायचं रिक्षातनं आणि रिक्षात पेटी घालून बसता येत नाही, ज्यांनी कधी असा ड्रेस केलाय त्यांना हे पटेल.

पट्ट्यांची आयडिया कुणालाही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पोकलेनला असतो तसला पट्टा पाहिजे असेल तर रबर आणायची गरज नाही, खोक्याच्या पुठ्ठ्याला एका बाजूनं ओलं फडकं फिरवायचं, पाच मिनिटांनी वरचा कागद सोलायचा, आतल्या नाळ्या उघड्या पडतात. वाळल्यावर काळा रंग मारला की झालं. हे सोलायचं काम पोरं तासन्‌तास करतात, मोबाईल मागत नाहीत.

रंगाचं मात्र पावसाळ्यात अवघड असतंय. आम्ही हे करत होतो तेव्हा तुमच्याच पेपरात राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी होती, म्हणजे हवा कसली असेल बघा, फेविकॉल वाळेना आणि पुठ्ठा हवेतलं पाणी पिऊन मऊ पडायला लागला. उपाय साधा आहे, रंग कधीही एकाच बाजूला मारायचा नाही, ती बाजू ओली होऊन फुगते आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो, दोन्ही बाजूंना पातळ हात द्यायचा आणि फॅनखाली टांगून ठेवायचा. आधी पिवळा, तो वाळला की स्पंजानं तपकिरी टिपून टिपून गंज काढायचा, कोपऱ्याला जास्त, मध्ये कमी, कारण खरं लोखंड पण कोपऱ्यालाच आधी गंजतंय. कोपऱ्यात जरा डाग पडला तर पुसायचा नाही, गंजात खपून जातो. शेवटी सिनेमातलं रोपटं. तो रोबोट ते जुन्या बुटात ठेवतो. भाचा म्हणाला, "मामा, आपण कोल्हापूरचे, चप्पलमध्ये लावूया की." म्हटलं, "अरे चप्पल उघडी असती बाळा, माती थांबणार कुठं?" मग माझा कामावरचा बूट गेला.

आता स्पर्धेचं. मार्क कशाला, तर वेशभूषा, संवाद आणि आत्मविश्वास. वॉल-ई बोलतच नाही हो जवळपास! त्याचं नाव आणि ईवाचं, म्हणजे सिनेमातल्या दुसऱ्या रोबोटचं, नाव, एवढ्यावर त्याचा बहुतेक सिनेमा भागतो, बाकी नुसते आवाज. भाच्यानं पेटीचं पुढचं दार उघडून रद्दीचा दाबलेला ठोकळा काढला, खाली ठेवला, त्यावर दुसरा ठेवला, डोळे खाली वाकवले आणि "ईवा" म्हणाला. पोरं टाळ्या वाजवत होती आणि परीक्षक बाई विचारतायत, "बाळ, काहीतरी बोल ना." संवादाचे मार्क गेले. नंबर भाड्याच्या ड्रेसला गेला, त्या पोरीनं पाठांतर चांगलं केलेलं, तिचा काही दोष नाही. मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, लागलं थोडं.

पण मुद्दा आमच्या नंबरचा नाही. हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली दामल्यांना बरोबर घेऊन ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, परदेशातनं मागवत बसले नाहीत, आणि पुढं १९२० ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. नाटकाचे रंगवलेले पडदे करणारा माणूस, पण सिनेमाला पडदे चालणार नाहीत म्हणून सुतारकाम करून खरे सेट उभे केले. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी पण इथंच सुरू झाली. तो वारसा फक्त पुतळ्याला हार घालण्यापुरता नको. अजून पण गंगावेशेत, बापट कॅम्पात मूर्ती करणारे हात आहेत, राजारामपुरीतली मंडळं तांत्रिक देखाव्यासाठी मोटर, पुली, गिअर लावून मूर्ती हलवतात, उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये गेलं तर पोराला भोक पाडून देणारा माणूस भेटतो आणि पैसे घेत नाही. आणि आपण त्याच पोरांना सांगतोय की ड्रेस म्हणजे दुकानातून आणायचा आणि सोमवारी परत द्यायचा.

म्हणून शाळांना विनंती. नोटीस निदान तीन आठवडे आधी द्या, त्यात दोन रविवार तरी मिळतात आणि पालकांना करायचं असेल तर करता येतं. घरी केलेला आणि भाड्यानं आणलेला असे दोन गट करा, म्हणजे भाड्यानं आणणाऱ्यांवर पण अन्याय नाही. संवाद सक्तीचा नको, कॅरॅक्टर मुकं असेल तर त्याच्या हालचालीला मार्क द्या. आणि परीक्षकांनी पोराला एवढंच विचारावं की हे कशाचं केलंय आणि तू ह्यातलं काय केलंस. आईबापानं रात्रभर जागून केलेलं असेल तर पोरगं लगेच गडबडतंय, आणि स्वतः सोललेलं, चिकटवलेलं असेल तर ते थांबतच नाही, मग संवादाचा प्रश्न पण आपोआप सुटतो.

एक विनंती तुम्हाला पण आहे. तुमच्या मुलांच्या पुरवणीत जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या झाल्या, एखाद्या ड्रेसचं कटिंगचं चित्र मापासकट छापा. पिवळा टी-शर्ट, जुन्या जीन्सची डंगरी आणि पाइपच्या तुकड्यांचा गॉगल केला की मिनियन होतो, गोणपाटाचा घागरा केला की मोआना होते, असलं सोपं सोपं घ्या. ड्रॉइंग मी काढून देतो, पैसे नकोत, फक्त माप सेंटिमीटरमध्ये छापा, इंचात दिलं की उद्यमनगरची पोरं मला हसतील.

आपला,
एक मामा,
मंगळवार पेठ, कोल्हापूर