संजीवन म्हणजे सभा नव्हे, हे उलगडून सांगितल्याबद्दल

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

बायबलातील नहेम्याच्या पुस्तकावर आपण घेतलेल्या अभ्यासवर्गांबद्दल हे जाहीर आभार. विषय एकाच मंडळीपुरता (चर्चपुरता) नाही, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

संजीवन (रिव्हायव्हल) म्हटले की मांडव, बाहेरून बोलावलेला वक्ता आणि तीन रात्रींच्या सभा डोळ्यांसमोर येतात. आपण सुरुवात केलीत ती 85व्या स्तोत्रापासून. ‘आम्हांला पुन्हा जिवंत कर’ असे मागणारे तिथले लोक परके नाहीत, परमेश्वराचेच आहेत. ज्यांनी ऐकलेले नाही त्यांना तारणाचा निरोप देणे ही सुवार्ता. ज्यांची नावे मंडळीच्या रजिस्टरात आहेत पण प्रकटीकरणातल्या इफिस मंडळीसारखी देवावरची पहिली प्रीती सुटली आहे, त्यांच्यात जीव परतणे हे संजीवन. या दोन्हींची सरमिसळ झाली की सभा बाहेरच्यांसाठी भरते आणि आतले जसेच्या तसे राहतात.

सर्वांत मोलाचे ठरले ते नहेम्याचे 8 ते 13 अध्याय सलग वाचायला लावणे. उपदेशात बहुधा 8व्यातले अश्रू आणि आनंद एवढेच येते. क्रम मात्र वेगळेच शिकवतो. आधी पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राचे वाचन, सोबत लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातले लोक) अर्थ समजावून सांगताहेत, आणि मग रडणे. 9व्यात दिवसाचा चौथा भाग वाचन, चौथा भाग पापकबुली आणि भक्ती. 10व्यात लेखी करार, आणि तो मुळीच मोघम नाही: शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, खरेदी नाही, मंदिराच्या सेवेसाठी दरसाल शेकेलाचा (चांदीच्या वजनाचा) तिसरा हिस्सा, वेदीच्या लाकडासाठी चिठ्ठ्या टाकून पाळ्या. मंदिराची हेळसांड करणार नाही, हे त्याचे शेवटचे वाक्य.

13व्यात यरुशलेमचा कारभार पाहणारा नहेम्या पर्शियाच्या राजाकडून परत येतो तेव्हा नेमकी हीच कलमे मोडलेली. लेव्यांचा वाटा बंद, म्हणून ते आपापल्या शेतांवर पळालेले. कोठाराची मोठी खोली नहेम्याचा विरोधक तोबीया याला दिलेली. शब्बाथ दिवशी द्राक्षे तुडवणे चालू. जोश ओसरणारच होता. खरा घात झाला तो शिकवणाऱ्यांचे पोट तुटले आणि देखरेख करणारा दूर होता म्हणून, असे आम्हांला वाटते. संजीवन सभेच्या खर्चाचा हिशोब मांडणाऱ्या कमिट्या नंतरच्या वर्षभराच्या शिकवणीसाठी काय ठेवतात, हे विचारायला हवे.

पापकबुलीचा आपला नियम तर फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा असा. पाप जेवढ्यांना ठाऊक, कबुली तेवढ्यांपुढे. मनातले देवापुढे, माणसाविरुद्धचे त्या माणसापुढे, मंडळीला उघड माहीत असलेले मंडळीपुढे. दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही, लैंगिक पापाचे तपशील माइकवर सांगायचे नाहीत. पैशाचे असेल तर नुसते अश्रू चालत नाहीत. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचे कबूल केले होते. हा नियम मोडला की कबुलीची चहाडी होते आणि मंडळी फुटते.

आरडाओरडा, थरथर, जमिनीवर पडणे याबद्दल आपण अमेरिकेतले पाळक जोनाथन एडवर्ड्‌स यांची 1741 सालची मांडणी सांगितलीत: अशा गोष्टींनी आत्म्याचे कार्य सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही. ख्रिस्ताबद्दलचा आदर, पापाचा विरोध, शास्त्राची ओढ, सत्य आणि प्रीती वाढली का, ते पाहायचे. त्यामुळे दोन्ही बाजूंची भांडणे थांबावीत. (थांबतीलच असे नाही.)

न्यूयॉर्कच्या 1857च्या दुपारच्या प्रार्थनेचे उदाहरणही नेमके. पहिल्या दिवशी जमले सहा जण. पुढे गर्दी झाल्यावरही प्रत्येकाला पाचच मिनिटे, आणि वादाचे विषय काढायचे नाहीत. प्रार्थनासभा रटाळ होतात त्या एकाच्या वीस मिनिटांच्या प्रार्थनेमुळे, हे कुणीतरी बोलायला हवेच होते!

एक विनंती. पापकबुलीच्या नियमाचा आपण वाटलेला एकपानी कागद इतर मंडळ्यांना देण्याची परवानगी असावी. मागणी आतापासूनच होते आहे.

प्रभूमध्ये आपले,
अभ्यासवर्गाचे सभासद