मोडी वाचून देणारा मित्र

महोदय,

लोकांच्या घरचे मोडी लिपीतले जुने कागद वाचून देणारे आमचे एक ज्येष्ठ मित्र नुकतेच साताऱ्यात निवर्तले. आपले नाव छापून यावे असे त्यांना हयातीत कधी वाटले नाही, म्हणून ते येथेही देत नाही. मात्र त्यांच्या जाण्याने जे थांबले ते केवळ आम्हा मित्रांपुरते नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. आमच्या मित्रांनी तेव्हाही कोणाकडून पैसा घेतला नाही. "फी लावली तर लोक कामाचा तेवढा एकच कागद आणतील, मला अख्खी पेटी बघायची आहे," असे ते म्हणत. यात उपकाराचा आव नव्हता; त्यांना खरोखरच पेटी हवी असे.

देवस्थान इनामाच्या वादासाठी दोन भाऊ एक कागद घेऊन आले होते, तेव्हा मी तेथे होतो. आधी ओळभर शिरोरेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेला मजकूर, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. त्यांनी भिंग धरून 'सलास सबैन मया व अलफ' एवढे अरबी आकडे उकलले (तीन, सत्तर, शंभर व हजार), म्हणजे सुहूर सन 1173, ही जुन्या कागदांतली मृग नक्षत्रापासून सुरू होणारी कालगणना; त्यात 599 मिळवले आणि कागद 1772 च्या मृगापासूनच्या सालातला, म्हणजे थोरले माधवराव पेशवे गेले त्या वर्षातला, असे सांगितले. भावांचे काम तेथेच झाले होते. यांचे मात्र पुढे सुरू झाले, कारण कागदात धान्याचा आकडा होता. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक त्यांना पाठ होते; पण तुमच्या गावात पायली शीग लावून भरत की वरून हात फिरवून सपाट करत, हे कोष्टकात नसते. ते विचारण्यासाठी त्यांनी भावांच्या वृद्ध आईला फोन लावायला लावला आणि बाईंचे उत्तर, त्यांच्याच शब्दांत, वहीत उतरवून घेतले.

पुण्याचे पुराभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथील मोडी कागदांना निदान छप्पर आहे. माळ्यावरच्या पेट्यांतले कागद कोणाच्याच यादीत नाहीत, आणि ते वाळवीच्या आधी कोणाच्या तरी नजरेखालून जावेत एवढीच या गृहस्थांची धडपड होती. मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात, ही चांगली गोष्ट आहे. परंतु थोड्या दिवसांत मुळाक्षरे बसतात, वाचन बसत नाही. त्यासाठी जाणत्याच्या शेजारी बसून शेकडो कागद पाहावे लागतात. तालुक्याच्या ग्रंथालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी जागा दिली, तर शिकणाऱ्यांना कागद मिळतील आणि कागदवाल्यांना वाचक.

त्यांच्या वह्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला देण्यास कुटुंबीय तयार आहेत. अट एकच आहे: मागेल त्याला नक्कल करून द्यावी.

— एक वाचक, सातारा