‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांच्या रॅलीची आपली बातमी वाचली. बॉडी बदललेल्या गाड्यांना त्यात सरसकट ‘मोडतोड’ म्हटले आहे. मी चाळीस वर्षे इंदुरात डेंटिंग, म्हणजे गाड्यांच्या पत्र्याचे काम केले, म्हणून हे पत्र.

आपल्याच इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची 1935 ची ड्यूसेनबर्ग गाडी घ्या. चेसिस (खालची चौकट) आणि इंजिन अमेरिकेचे, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग नारंगी-काळा. कंपनी चेसिस विकायची, वर काय चढवायचे ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत 153.5 इंच! माझी रामबागेतली खोली याहून आखूड आहे. या गाडीला कारखान्याची बॉडी कधी नव्हतीच. मग ही ओरिजिनल की मोडतोड?

त्या काळी हे जमायचे, कारण भार खालच्या चौकटीवर असे. वर लाकडी सांगाडा, त्यावर पत्रा. अँबेसेडरचे तसे नाही. तिथे टप, खांब, फरशी मिळूनच भार घेतात. हे मी पदरच्या पैशाने शिकलो. 1989 साली एका हौशी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी तिचा टप कापला. कापण्याआधी आतून आडवे पाइप वेल्ड करायला हवे होते, ते केले नाहीत. गाडी जॅकवर घेतली की दार अडकायचे, खड्ड्यात गेली की आपोआप उघडायचे. शेवटी फरशीखाली लोखंडी चौकोनी पाइप टाकले, तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. त्या कामाला मोडतोड म्हणा, मी वाद घालणार नाही.

पण मडगार्डचा गोल हाताने काढणे ही वेगळीच गोष्ट. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने खोलगट करायचा, मग आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हलके ठोके. शेवटी तळहाताखाली सुती फडके घ्यायचे, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. नजरेतून सुटलेला उंचवटा तिथे हाताला लागतो. हल्ली लांबीचा (पुटीचा) जाड थर थापून मोकळे होतात, मग दोन उन्हाळ्यांत भेगा.

2021 च्या केंद्राच्या नियमानुसार 50 वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात. टप कापणाऱ्यांना आवर घालायला नियम ठीकच आहे. पण सरकारी अर्जातली व्याख्या वर्तमानपत्राने कारागिरीला का लावावी?

आणि एक दुरुस्ती. फोटोतल्या फिकट हिरव्या फियाटला आपण ‘मूळ रंगातली’ म्हटले आहे. तो रंग 2003 साली मी मारला. डाव्या दाराच्या खालच्या कडेला एक ओघळ राहिला होता, तो फोटोतही दिसतो.

आपला,
एक निवृत्त डेंटर
रामबाग, इंदूर