काम मागणाऱ्याला पोच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणांना काही महिने विद्यावेतन देऊन कामावर शिकवणाऱ्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलामुलींनी, आम्हाला कायम करा म्हणून, आझाद मैदानावर आणि ठिकठिकाणी आंदोलनं केली. त्या बातम्या वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतं आहे. आमच्याकडे चार माणसांत हा विषय निघाला की दोनच मतं कानावर येतात. एक, सरकारने फुकट पैसे वाटू नयेत, काम करून घ्यावं आणि मगच द्यावेत. दुसरं, या सगळ्यांना कायम करून टाका. पहिलं मत मला पटतं. दुसऱ्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण काम करून घेणाऱ्याने काय पाळायचं, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही आणि तिथेच सगळं अडलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे मत कुठून आलं ते सांगतो. मी 1981 साली रोजगार हमीच्या कामांवर हजेरी सहायक म्हणून लागलो. लोक आम्हाला मस्टर कारकूनच म्हणायचे. मजुरांची हजेरी आम्ही मांडायचो, पण आमच्याच नोकरीचा भरवसा नव्हता. मला सेवेत सामावून घ्यायला सोळा वर्षं लागली. पुढे तहसील कचेरीत काम केलं आणि 2017 ला निवृत्त झालो. म्हणजे छत्तीस वर्षं मी काम मागायला आलेली माणसं टेबलाच्या अलीकडून पाहिली.

त्याआधी टेबलाच्या पलीकडूनही पाहिली होती. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातलं. 1972 ला मी तेरा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या बांधायची, दुपारपर्यंत त्या लाल व्हायच्या. दिवसभर फोडलेल्या खडीचा ढीग लाकडी खोक्याने मोजायचे आणि त्या मापावर मजुरी ठरायची. मी मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी घेऊन जायचो आणि ती खाईपर्यंत तिच्या ढिगाशी बसायचो, कारण शेजारच्या ढिगात खडी सरकवली जायची भीती असे. मे 1973 मध्ये राज्यभरात अशा दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. आईने काम न करता पैसे मिळावेत असं कधी म्हटलं नाही. ती एवढंच विचारायची, "माप कधी घेणार? पैसे कधी देणार?" बाजाराच्या आदल्या दिवशी माप झालं नाही तर तो बाजार हुकला.

फुकट पैसे नकोत म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. महाराष्ट्रातल्या गोरगरिबांनी कष्टाला कधी नाही म्हटलेलं नाही. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांनी आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 मध्ये जो प्रयोग केला, त्याचा पायाच तो होता: माणसाला काम द्या, दामही द्या. पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. पंधरा दिवसांत काम देता आलं नाही तर बेकार भत्ता देण्याची जबाबदारी सरकारने स्वतःवर घेतली. भत्त्याची रक्कम नावापुरतीच होती. तरी सरकारलाच एखाद्या अटीत बांधून घ्यायचं, हे त्या काळात फार मोठं पाऊल होतं.

मात्र या सगळ्याची किल्ली एका छोट्या कागदात होती. काम मागितल्याची पोच. तारीख आणि शिक्का असलेली पोच हातात असेल तरच पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. पोच नसेल तर माणसाने काम मागितलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ होतो.

1986 च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी मस्टर जमा करायला कचेरीत गेलो होतो. शेजारच्या गावातल्या पन्नासेक बायका आल्या होत्या. नवीन काम उघडायचं तर किमान 50 मजुरांची मागणी लागते, हे त्यांना कुणीतरी नीट समजावून दिलं होतं. पुढे साठीची एक म्हातारी होती. कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा मावशी, साहेब आले की बघतील." ती म्हणाली, "शिक्का मार बाबा, मग जाते." तो म्हणाला शिक्का साहेबांच्या कपाटात आहे. ती पायरीवर बसली. बाकीच्याही बसल्या. पाच वाजले, साडेपाच वाजले. शेवटी कपाट उघडलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसला, तारीख पडली, तिने तो कागद चार घड्या करून कमरेच्या पिशवीत घातला. बाराव्या दिवशी त्या गावाला नालाबांधाचं काम सुरू झालं. हजेरीला मीच होतो.

पुढे 2005 मध्ये केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा आला, त्यातही हेच सूत्र आणखी बारकाईने लिहिलं गेलं. नमुना 4 भरून मागणी करायची, पंधरा दिवसांत काम, नाहीतर पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा आणि त्यानंतर किमान निम्मी रक्कम बेकार भत्ता. मजुरीचा पैसा केंद्राचा, पण भत्ता राज्याच्या तिजोरीतून. आता कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पोच दिली की घड्याळ सुरू होणार आणि चुकलं तर वर उत्तर द्यावं लागणार. मग पोच द्यायचीच कशाला? "काम निघालं की सांगतो" असं तोंडी सांगून माणूस परत पाठवणं सगळ्यात सोपं. माझ्या सगळ्या नोकरीत बेकार भत्त्याचं एकही बिल माझ्या टेबलावरून पुढे गेलं नाही. पोच न घेता परत गेलेली माणसं मात्र मी शेकड्यांनी पाहिली. त्यांतल्या काहींना मी स्वतः परत पाठवलं आहे. त्याची खंत आजही वाटते आणि हे पत्र लिहिण्यामागे तीही आहेच.

त्या कायद्यात मजुरावरही सक्ती होती, हे विसरू नये. दिलेलं काम नाकारलं, बोलावल्यावर पंधरा दिवसांत हजर झाला नाही किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून जास्त गैरहजर राहिला, तर तीन महिने भत्त्यावरचा हक्क जात असे. मला ही अट रास्त वाटत आली आहे. कारण समोरच्या पानावर सरकारसाठीही अटी होत्या. काम 5 किलोमीटरच्या आत हवं, त्याहून लांब पाठवलं तर 10 टक्के जादा मजुरी. कामावर पिण्याचं पाणी, सावली, औषधपेटी. मजुरी उशिरा झाली तर मस्टर बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसानंतर रोज 0.05 टक्के भरपाई. रक्कम किरकोळ, पण उशीर ही चूक आहे आणि ती करणाऱ्याने भरपाई द्यायची, हे कागदावर आलं.

आता माझ्या पुतणीचं सांगतो. ती बी. कॉम. आहे. 2024 मध्ये ही योजना आली तेव्हा घरात आनंद झाला. बारावी झालेल्याला महिना 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी झाली आणि सप्टेंबरात ती एका सरकारी कार्यालयात रुजू झाली. कुठलं ते लिहीत नाही, तिला उद्या त्याच भागात नोकरी शोधायची आहे.

पहिल्या दिवशी तिला ज्या टेबलावर बसवलं ते निवृत्त झालेल्या लिपिकाचं होतं. ती जागा भरलीच गेली नव्हती. आवक-जावक रजिस्टर तिच्याकडे आलं, जुनी प्रकरणं स्कॅन करणं आलं, संगणकावर नोंदी आल्या, दारात आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज लिहून देणंही आलं. महिन्याभरात ती त्या टेबलाचं सगळं काम एकटी ओढू लागली. शिकवलं कुणी नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई सांगायच्या तेवढंच. कामाची योजना म्हणावी तर किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी लागू नाही, कारण कागदोपत्री ही मुलं शिकाऊ. आणि शिकवण्याची योजना म्हणावी तर काय शिकवायचं आणि ते शिकवलं गेलं की नाही, हे त्या कार्यालयात एकदाही कुणी तपासलं नाही.

विद्यावेतन आधार जोडलेल्या खात्यात जमा होतं, पण कार्यालयाने दर महिन्याची हजेरी पोर्टलवर चढवली तरच. एका संध्याकाळी ती घरी आली आणि चप्पलही न काढता ओट्यावर बसली. "तात्या, दोन महिन्यांची हजेरी वर टाकलीच नाही म्हणे. ज्यांच्याकडे ते काम आहे ते रजेवर आहेत." रोजचं एसटीचं भाडं ती तिच्या आईकडून घेत होती. मी तिला विचारलं, तू रोज हजर होतीस याचा कागद तुझ्याकडे काय आहे? तिच्याकडे काहीच नव्हतं. सही कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये, रजिस्टर कपाटात. मला ती पायरीवर बसलेली म्हातारी आठवली. तिच्याकडे निदान चार घड्यांचा कागद तरी होता.

सहा महिन्यांचे पुढे अकरा महिने झाले. मुदतवाढ मिळाली तेव्हाही आनंदच झाला. अकरा महिने संपले तेव्हा एका शुक्रवारी तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर तिचं नाव, कार्यालयाचं नाव आणि मुदत आहे. अकरा महिने तिने काय केलं, त्याची एक ओळ नाही. खाजगी कंपनीत मुलाखतीला गेली तेव्हा विचारलं, "तिथे नक्की काय करत होता?" तोंडी सांगितलेल्यावर कोण विश्वास ठेवणार? टेबल पुन्हा रिकामं आहे आणि रजिस्टर धूळ खात आहे, असं शेजारच्या त्या बाई फोनवर सांगतात.

एक जुना कायदा आठवतो. 1959 चा. त्याच्या नावातच रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला सक्तीने कळवणं होतं. म्हणजे बेरोजगाराच्या प्रश्नात सक्ती कुणावर, तर जागा रिकामी ठेवणाऱ्यावर. आमच्या पिढीने ते सेवायोजन कार्डाचे पुठ्ठे जपून ठेवले, मुदतीत नूतनीकरण केलं. कॉल फार थोड्यांना आले, पण नोंदणी क्रमांक आणि तारीख हातात असायची.

माझी सरकारकडे आणि विरोधकांकडेही कळकळीची विनंती आहे. तरुणांना पैसे देताना कामाची अट जरूर घाला. पण ज्या दिवशी मुलगा किंवा मुलगी पोर्टलवर काम मागेल, त्या दिवसाची तारीख असलेली पोच त्याच्या हातात पडू द्या. ठरलेल्या मुदतीत जागा दिली नाही तर 2005 च्या कायद्याप्रमाणे चौथा हिस्सा का होईना, भत्ता सुरू करा. हजेरीची एक प्रत रोजच्या रोज त्या मुलाच्या मोबाइलवर जाऊ द्या, म्हणजे कुणाच्या रजेपायी त्याचे दोन महिने अडणार नाहीत. प्रमाणपत्रावर केलेलं काम लिहा आणि शिकवणाऱ्याची सही घ्या. आणि मंजूर पण रिकाम्या जागेवर शिकाऊ मुलगी बसवून अकरा महिने काम काढून घेतलं असेल, तर ती जागा भरण्याची जाहिरात निघालीच पाहिजे. त्या भरतीत तिच्या अकरा महिन्यांना काही गुण मिळावेत, एवढं मागणं जास्त नाही.

पैशाचं कारण कुणी पुढे करू नये. 1975 पासून या राज्यात व्यवसाय कर आहे आणि तो रोजगार हमीसाठी म्हणूनच लावला गेला. पगाराच्या पावतीवर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2500 रुपये लाखो नोकरदार भरत आले आहेत. मीही भरले. शहरातल्या माणसाने खेड्यातल्या रोजगारासाठी दिलेला तो पैसा आहे आणि तो देताना मला कधी जड वाटलं नाही.

त्या संध्याकाळनंतर मी पुतणीला दोनशे पानी वही आणून दिली. तारीख, आल्याची वेळ, केलेलं काम, गेल्याची वेळ, अशा चार रेघा मारून दिल्या, जशा मी मस्टरवर मारायचो. पुढचे सगळे महिने तिने ती रोज भरली. किती अर्ज लिहून दिले, किती प्रकरणं स्कॅन केली, कुणाचं काय अडलं होतं, सगळं त्यात आहे. कुणा अधिकाऱ्याला किंवा आपल्या बातमीदाराला पाहायची असेल तर कळवा. मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त हजेरी सहायक,
जि. सांगली